टेबल खाली आणा न, बाप्पा!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. खिडकीतून हिंजवडीचा ट्रॅफिक दिसतोय, स्क्रीनवर एक्सेल उघडंय आणि टीममधल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न आहे : उद्या कुठे? परवापरवापर्यंत या प्रश्नाचं उत्तर कॉफी असायचं. हल्ली ते ‘माचा’ असतं. माचा लाटे, आइस्ड माचा, माचा चीजकेक... हिरव्या रंगाचं काहीही ग्लासात दिसलं की आमच्या टीमचा आधी फोन बाहेर निघतो, तोंड नंतर उघडतं.

माचा म्हणजे काय, हे माझ्या चंद्रपूरच्या आजीला मी फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला होता.

‘‘कोनाचा चाय म्हनतं?’’

‘‘माचा, आजी.’’

‘‘मायचा? मंग माय काऊन नाई पीत, तू काऊन पितं?’’

विषय तिथेच संपला.

तर आज माचाबद्दलच लिहायचंय. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. मी व्हीलचेअर वापरते. का आणि कधीपासून, तो वेगळ्या कॉलमचा विषय आहे आणि तो कॉलम मी लिहिणार नाहीये. आज विषय चहाचा. फक्त एवढंच, की तुमचा वीकेंड प्लॅन रेटिंगपासून सुरू होतो, माझा पायऱ्यांपासून. तुम्ही बघता अॅम्बियन्स कसा आहे, पार्किंग आहे का. मी बघते पायऱ्या किती, दार किती रुंद आणि बाथरूममध्ये खुर्ची वळते का. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण बाथरूम नसेल, तर मी चहा पितच नाही. कप पुढ्यात घेऊन बसते आणि गप्पा मारते. ‘अगं, गार झाला तुझा!’ असं कुणीतरी म्हणतंच. मी हसते. हे वाचून तुमच्यापैकी कुणाला आपली एखादी मैत्रीण आठवली, तर पुढच्या वेळी तिच्या कपाकडे जरा बघा.

असो. आता जपान!

नोव्हेंबर २०२४. कंपनीने दोन आठवड्यांसाठी नागोयाला, क्लायंटच्या ऑफिसात पाठवलं. मधल्या रविवारी मी क्योटोला जायचं ठरवलं. शिंकान्सेनने अर्धा-पाऊण तास. नागोया स्टेशनवर एक कर्मचारी हातात घडीची फळी घेऊन आला, प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यामध्ये ती टाकली, मी आत. त्याने क्योटोला फोन करून डबा नंबर कळवला. क्योटोला दार उघडलं, तर समोर दुसरा माणूस दुसरी फळी घेऊन हजर. कुणी उचललं नाही, कुणी ‘बिचारी’ म्हटलं नाही, कुणी फोटोही काढला नाही. सॉलिड बोअरिंग प्रकार होता. मला जाम आवडला.

पण स्टेशन वेगळं आणि टीहाऊस वेगळं. खरं सांगायचं तर जपानचं पारंपरिक टीहाऊस हे माझ्यासारखीसाठी संकटच. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाचे मोठे चहागुरू होऊन गेले. त्यांच्या पठडीतल्या चहाच्या खोलीचं दार असतं जेमतेम सव्वादोन फूट उंच! माणसाने वाकून, गुडघ्यावर सरकत आत जायचं. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून. आत आला की लहान-मोठा कुणी नाही, सगळे सारखे. आयडिया भन्नाट आहे. फक्त गुडघ्यावर सरकता न येणारी व्यक्ती या ‘सगळ्यां’मध्ये धरलेली नव्हती. आत गेल्यावर पुन्हा चटईवर पाय मुडपून बसायचं, तेही तासभर.

मी मनाची तयारी केली होती, बाहेरच्या बागेत फोटो काढायचा आणि परत फिरायचं. पण नागोयाच्या ऑफिसातल्या एका मॅडमने आधीच फोन करून ठेवला होता. तिकडून उत्तर आलं, ‘र्‍यूरेई आहे, या.’

हे र्‍यूरेई म्हणजे टेबल-खुर्चीवरचा चहाविधी. आणि हे काही आजकालचं फॅड नाही. १८७२ साली क्योटोमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. परदेशी पाहुणे येणार होते, त्यांना मांडी घालून, पाय मुडपून बसायची सवय नाही. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तशी जपानमध्ये चहाची घराणी आहेत. त्यातल्या उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेंगेन्साई यांनी यावर तोडगा काढला. पाहुण्याला खाली बसवता येत नाही ना, मग चहाच वर आणू! शेगडी, किटली, वाडगे, सगळं टेबलावर मांडलं, पाहुण्यांना बसायला स्टुलं दिली आणि त्या नव्या बैठकीचे नियमही बसवून दिले. तीनशे वर्षांची जुनी रीत, पण पाहुणा आला म्हणून ती उठून टेबलावर बसली. आज जपानमध्ये गुडघे दुखणारे आजी-आजोबा याच टेबलांवर चहा घेतात, आणि गुडघे न दुखणारी तरुण पोरंसुद्धा.

माझी खुर्ची त्या टेबलाखाली सरळ आत गेली. समोर छोट्या बशीत एक मिठाई आली. लालसर-केशरी, मेपलच्या पानाच्या आकाराची, पानाच्या शिरासुद्धा कोरलेल्या. मोडायचा जीव होईना. चव घेतली आणि हसूच आलं. अहो, हे तर पुरण! पांढऱ्या बीन्स शिजवून, गाळून, साखर घालून आटवलेलं. आपण पुरणाची पोळी लाटतो, यांनी पुरणाचं पान केलंय. मोसमाप्रमाणे आकार बदलतात म्हणे, वसंतात फुलं, शरदात पानं.

इथे एक नियम आहे. मिठाई आधी संपवायची, चहा नंतर. आपल्यासारखं एक घास, एक घोट करायचं नाही. का, ते पहिल्या घोटाला कळलं. माचात साखर नसते. तो कडसर असतो, थोडा ओल्या गवतासारखा. पण जिभेवर गोडवा रेंगाळत असतो, त्यावर तो कडूपणा येऊन बसतो आणि दोन्ही मिळून काहीतरी तिसरंच होतं. बॉस, त्या एका घोटासाठी मी माझ्या सगळ्या आइस्ड लाट्यांची माफी मागितली.

आणि हो, तिथे बाथरूम होतं. खुर्ची वळेल एवढं. मी दुसरा वाडगा मागितला.

परतताना एक छोटा डबा घेतला. तेव्हा जगभर माचाची एवढी ओढाताण चालली होती, की क्योटोकडच्या जुन्या दुकानांनी गिऱ्हाईकामागे किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली होती. कारण ही वस्तू घाईत तयार होतच नाही. तोडणीआधी साधारण तीन आठवडे चहाच्या झुडपांवर सावली धरतात, मग पानं वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाभरात निघते जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम पूड.

तो डबा मी जपून ठेवला आणि मार्च २०२५मध्ये होळीला घरी गेले, चंद्रपूरला.

होळीच्या सुमारास आमच्याकडे मोह गळायला लागतो. पहाटे झाडाखाली पिवळसर, रसरशीत फुलांचा सडा पडतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उजाडायच्या आत माणसं टोपल्या घेऊन तो वेचायला निघतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीला माझी मावशी असते. तिने वाळवलेली मोहफुलं भाजून, कुटून, तीळ आणि गूळ घालून लाडू पाठवले होते. मोहाचा लाडू म्हटलं की पुण्यातल्या कलीग्जचे डोळे लगेच चमकतात. मंडळी, गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि लाडवाने काही चढत नाही. मनुका, खजूर आणि थोडा धुरकट वास, अशी काहीतरी चव लागते. मी एक खाल्ला आणि डोक्यात दिवा पेटला. आधी मोहाचा लाडू, मग माचा!

घरी पहिला प्रयोग आजीसमोर. माचा घोटायला बांबूची बारीक काड्यांची कुंचीसारखी रवी लागते. जपानमध्ये या रव्यांसाठी नारा भागातलं ताकायामा गाव प्रसिद्ध आहे. मी आणलेली रवी आजीने उलटसुलट करून पाहिली. बांबूच्या बाबतीत आमच्या माणसांना शिकवायला जायचं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क २०११मध्ये मिळवून दाखवला. आजीचा निकाल मात्र कडक होता : ‘‘एवढ्याशा काडीले एवढे पैशे?’’ मग तिने वाडगा स्वतःकडे ओढला आणि ताक घुसळायच्या सवयीने असा काही फेस आणला, की क्योटोच्या बाईंनीही मान डोलावली असती.

लाडू खाल्ला. घोट घेतला. तोंड वाकडं केलं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘कडूनिंब बरा. पन लाडवावर चालते.’’

दुसरा प्रयोग शाळेतल्या मैत्रिणींसोबत. आणि इथे गोष्ट सुरू होते.

आमचा नेहमीचा अड्डा म्हणजे जटपुरा गेटकडचा एक चायठेला. खरं तर माझ्यासाठी जगातलं सगळ्यात अॅक्सेसिबल टीहाऊस तेच. ना पायरी, ना दार, थेट रस्त्यावर. भाऊ मला बघितलं की न विचारता हाफ चाय हातात आणून देतो. एकच अडचण. ठेल्यावर सगळे उभे, बसलेली मी एकटी. गप्पा माझ्या डोक्यावरून जातात. अगदी शब्दशः! शिवाय मार्चच्या उन्हात, गाड्यांच्या धुरात वाडगाभर माचा घोटत बसायला जिगर पाहिजे. तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, नवा कॅफे उघडलाय, मेनूवर माचा लाटे पण आहे, मालक ओळखीचा आहे, चल.

गेलो. तीन पायऱ्या.

‘‘उचलून घेतो न ताई, काई टेन्शन नाई!’’ मालक म्हणजे आमच्याच वयाचा पोरगा, बाह्या सरसावून बाहेर आला. मागोमाग वेटर, दोन गिऱ्हाइकं. चांगली माणसं. दर वेळी चांगलीच असतात, हाच तर प्रॉब्लेम आहे.

उचललं जाणं कसं असतं, सांगते. चार जण चार बाजूंनी धरतात. खुर्चीचा कुठला भाग निघून हातात येतो, हे त्यांना माहीत नसतं, मला असतं. कुर्ता वर सरकतो आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरलेली असल्याने तो खाली ओढता येत नाही. सगळा कॅफे बघतो. कुणीतरी हमखास ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणतं. आणि हे सगळं करून तुम्ही आत पोचता तेव्हा कळतं, की आत यायला चार माणसं लागली म्हणजे बाहेर पडायलाही चार लागणार. कंटाळा आला, भांडण झालं, बाथरूमला जायचंय... काहीही असो, चार माणसं गोळा होईपर्यंत तुम्ही आत. तुम्ही कॅफेतून कधीही उठून निघू शकता ना? त्या ‘कधीही’ची किंमत मला विचारा.

मी म्हटलं, ‘‘नको भाऊ. रॅम्प करता येईल का?’’

हिशोब सोपा आहे. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. मालक डोळे विस्फारून म्हणाला, ‘‘अठरा फूट? मंग तं रोडवरच जाईन ताई!’’

गल्ली अरुंद होती, त्याचंही खोटं नव्हतं. मग वेटरला आठवलं, मागच्या बाजूला किचनचं दार आहे. तिथे एकच पायरी आणि त्यावर फळी टाकलेली. कशासाठी? गॅसचे सिलिंडर आणि पाण्याचे जार ढकलत नेता यावेत म्हणून. म्हणजे सिलिंडरला रॅम्प होता! मी फळीवरून झोकात आत गेले आणि किचनच्या बोळात फ्रीझरपाशी अडकले. चार इंच कमी पडले. रिव्हर्स मारून बाहेर.

एव्हाना अर्धा तास झाला होता. मैत्रिणींचे चेहरे पडलेले. ‘दुसरीकडे जाऊ या का?’ दुसरीकडेही पायऱ्याच असतात, मला माहीत होतं. आणि अचानक क्योटो आठवलं. १८७२. पाहुण्याला खाली बसवता येत नाही, तर चहा वर आणू.

मी म्हटलं, ‘‘मले वर नका नेऊ. टेबल खाली आणा न, बाप्पा!’’

दोन सेकंद शांतता. मग मालक हसला. कॅफेसमोर, पत्र्याच्या शेडखाली, गाड्या लावायची मोकळी जागा होती. तीन स्कूटर बाजूला सरकल्या, दोन टेबलं खाली आली, पाठोपाठ पाच खुर्च्या. माझी मी घेऊनच आले होते.

मग काय, मैफलच जमली. कृती लिहून घ्या. एक टीस्पून, म्हणजे दोनेक ग्रॅम माचा, गाळणीतून चाळून. पाणी सत्तर-ऐंशी मिलिलिटर, सत्तर-ऐंशी डिग्री गरम, उकळतं नको. (चंद्रपूरच्या मे महिन्यात नळाचं पाणी अर्ध्या वाटेवर आलेलंच असतं.) मनगटातून भराभर, इंग्रजी ‘डब्ल्यू’ काढल्यासारखं घोटायचं. फेस आला की थांबायचं. आधी लाडू पूर्ण संपवायचा, मग घोट. मालकाने प्यायला आणि म्हणाला, ‘‘ताई, आपला लाटे तं नुसतं दूध-साखर हाये मंग.’’ तुमच्या मावशीचा नंबर द्या, म्हणून लाडवांची चौकशीही केली.

मी दोन वाडगे प्यायले. घर दहा मिनिटांवर होतं, म्हणून.

आता एक सीरियस गोष्ट. आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे, बाबा आमट्यांनी १९४९मध्ये उभं केलेलं. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना पुढे कित्येक वर्षं बसता येत नव्हतं. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. याच अवस्थेत १९८५मध्ये ते भारत जोडो यात्रेला निघाले. बसता न येणारा माणूस आमच्या भागाने एवढ्या जवळून पाहिलाय. खुर्ची माणसाप्रमाणे बदलावी लागते, हे आम्हाला वेगळं शिकवायची गरज नाही. तरी नव्या दुकानाचं बांधकाम सुरू झालं की पहिलं काम काय, तर तीन पायऱ्या. कायदा आहे हो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा खासगी जागांनाही लागू होतो आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला बजावलं, की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नाही, सक्तीचे करा. पण कायदा कॅफेत चहा प्यायला येत नाही. तुम्ही येता.

म्हणून या वीकेंडला टेबल बुक करताना फोनवर चार प्रश्न विचारा. पायऱ्या किती? दार तीन फुटांचं आहे का? गुडघे आत जातील असं टेबल आहे का, की सगळी उंच स्टुलं? बाथरूमपर्यंत खुर्ची जाते का? तुमच्या ग्रुपमध्ये कुणी व्हीलचेअरवर नसलं तरी विचारा. माझ्या एकटीच्या फोनने काय होणार? ‘सॉरी मॅम’. पण शुक्रवारी संध्याकाळी आठ जणांचं बुकिंग करणारा माणूस हे विचारतो, तेव्हा मालक पायऱ्या मोजायला बाहेर येतो.

चंद्रपूरच्या त्या कॅफेचं पुढे काय झालं? रॅम्प झालेला नाही. पाऊस आला की शेडखाली पाणी शिरतं, तेव्हा टेबलं पुन्हा वर जातात आणि माझा नंबर पुन्हा ठेल्यावर. मागच्या दाराचं मोजमाप चाललंय असं मालक म्हणतो. फ्रीझर हलला की मी मानेन.

पण २०२५च्या दिवाळीत पुन्हा गेले, तर शेडखाली दोनाची चार टेबलं झाली होती. वर एसी चालू होता, तरी चारही फुल! कॉलेजची पोरं, एक काका-काकू, कडेवर बाळ घेतलेली एक ताई. मालकाने लांबूनच हात केला आणि ओरडला, ‘‘ताई, धा मिंटं थांबा, एक टेबल उठतेच हाये!’’

मी थांबले. कॅफेच्या बाहेर मी आजवर शेकडो वेळा थांबलेय. गर्दी आहे म्हणून थांबायची ही पहिलीच वेळ होती.